गांडुळांचा टब बिघडलाय? आधी वास घ्या, मग मूठ दाबा

पुण्यात कर्वेनगरात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज साठेक डबे जातात. म्हणजे मेथीचे देठ, कोबीची वरची पानं, दोडक्याच्या शिरा, दुधीच्या साली असा पाच-सहा किलो ओला कचरा रोज निघतो. त्याचं खत करायला मागच्या गॅलरीत गांडुळांचे तीन टब आहेत. तिन्ही टबांत मिळून रोज जेमतेम पाऊण किलो जातो, बाकीचा गच्चीवरच्या ड्रमांत पालापाचोळ्याबरोबर साध्या पद्धतीनं कुजतो. हे सगळ्यात आधी सांगते, कारण माझ्याकडे बिघडलेल्या टबांचे जे फोटो येतात, त्यातले निम्मे तरी ‘गांडुळं घरातला सगळा कचरा खातील’ या समजुतीतून बिघडलेले असतात. रुळलेल्या टबातली गांडुळं दिवसाला साधारण स्वतःच्या वजनाच्या निम्मं खातात. अर्धा किलो गांडुळं सोडली असतील तर पाव किलो कचरा, बस्स. टब नवीन असेल तर पहिला महिना त्याच्याही निम्मा.

फोटोखाली प्रश्न एकच असतो, “ताई, यात काय टाकू?” कुणी ताक टाकून झालेलं असतं, कुणी गुळाचं पाणी, कुणी चुना. माझं उत्तरही एकच असतं. काही टाकू नका. दोन दिवस खाणं बंद, पाणी बंद, आणि टब उघडून नीट बघा. टब बहुतेक वेळा आपल्याच हातून जास्त झाल्यामुळे बिघडतो. खाणं जास्त, पाणी जास्त, नाहीतर ढवळाढवळ जास्त. त्यात अजून भर घातली की नेमकं काय बिघडलंय ते कळेनासं होतं.

बघायचं कसं? आधी नाकानं. चांगल्या टबाला वळवाचा पाऊस पडून गेल्यावर तळजाईच्या टेकडीवर येतो तसा मातीचा वास असतो. फुगून उतू गेलेल्या इडलीच्या पिठासारखा आंबट वास आला, तर खाणं जास्त झालंय. सडक्या अंड्यासारखा आला, तर तळाशी पाणी साचलंय आणि हवा पोचत नाहीये. झाकण उघडल्याबरोबर नाकात झोंबून डोळ्यांत पाणी आलं, तर तो अमोनिया. डाळी-कडधान्यं किंवा ताजं शेण जास्त गेलंय.

मग मूठ. वरचा थर बाजूला करून मधलं मूठभर साहित्य घ्या आणि दाबा. बोटांच्या फटीत एखाद-दोन थेंब दिसले तर ओलावा बरोबर आहे. ओट्याचं फडकं घट्ट पिळल्यावर जितकं ओलं राहतं, तितकं. धार लागली तर टब बुडालाय. मूठ उघडताच भुगा सांडला तर सुकलाय. या दोन गोष्टींवर अर्ध्याहून जास्त निदान होतं, खरंच.

बुडालेला टब

पुण्यात सगळ्यात जास्त दिसतं ते हेच, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर घरोघरी. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते ओल्या कातडीतून श्वास घेतं. म्हणून त्याला ओलावा लागतो, पण पाण्यात बुडवलेलं चालत नाही. आपण मात्र रोज सकाळी झाडांबरोबर टबावरही झारी फिरवतो. दुधी, काकडी, टोमॅटो, पालक यांच्यात बहुतेक पाणीच असतं, ते कुजताना सगळं खाली उतरतं. प्लॅस्टिकच्या टबातून ते उडूनही जात नाही. माझ्या टबांना पावसाळ्याचे चार महिने मी एक थेंब पाणी घालत नाही.

दुरुस्ती अशी करते. टब दोन विटांवर चढवून एका बाजूला जरा कलता ठेवते. तळाची भोकं खतानं बुजलेली असतात, ती खालून दाभणानं मोकळी करते. वरचं न कुजलेलं, बुळबुळीत झालेलं सगळं काढून गच्चीवरच्या ड्रमात टाकते. मग कोरडं साहित्य घालते. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे हातानं फाडून घातले तर सगळ्यात उत्तम, कारण ते पाणीही पितात आणि त्यांच्या वळ्यांमध्ये हवाही राहते. नाहीतर वाळका पाला. पानगळीच्या दिवसांत रस्त्याकडेला रेन ट्रीची बारीक पानं पडतात, ती मी फाल्गुनातच दोन गोणी भरून ठेवते, पावसाळ्यात कोरडा पाला कुठून आणणार? आंब्याची आणि फणसाची पानं जाड असतात, ती चुरूनच घाला. निलगिरीचा आणि कडुलिंबाचा पाला टाळा. वर्तमानपत्र चालतं, गुळगुळीत रंगीत मासिकं नकोत.

हे मिसळताना खुरपं वापरू नका. गांडूळ मधोमध कापलं की त्याची दोन होतात हा गैरसमज आहे. फार तर डोक्याकडचा भाग जगतो, बहुतेक वेळा तोही नाही. हात घाला. किळस वाटत असेल तर हातमोजे घाला, पण बोटांनीच हळूहळू मोकळं करा. तळाचा काळा चिकट लगदा वर आणून पसरा. झाकण दोन दिवस काढून ठेवा, वर फक्त गोणपाट. चार-पाच दिवसांत वास गेला की खाणं पुन्हा सुरू करा, पण मूठभरच आणि कोपऱ्यात.

खालच्या भांड्यात जमलेलं ते घाणेरडं पाणी म्हणजे व्हर्मीवॉश, म्हणजे गांडूळखताचं झाडांना घालायचं पातळ खत, नव्हे. तो कुजक्या कचऱ्याचा निचरा आहे. त्याला वास येत असेल तर कुंडीतल्या झाडांना घालू नका. टबातून रोज पाणी निथळत असेल तर त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, टब जास्त ओला आहे एवढाच त्याचा अर्थ.

मटकीचा टब

ही गोष्ट माझीच आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात एक मोठी ऑर्डर आयत्या वेळी रद्द झाली. दोन किलो मटकीला मोड येऊन तयार होते. थोडी शेजारी वाटली, थोडी घरात संपवली. उरलेली टाकवेना म्हणून साधारण एक किलो मी मधल्या टबात पसरली आणि वर पाला टाकला. मनात आलं, गांडुळांना सणासुदीचं जेवण. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर वाफ आली. नाकात असं झोंबलं की मी मागे सरले. हात घातला तर आत गरम. ओट्यावर कढई उतरवून ठेवली की काही वेळानं जशी लागते, तसं. आणि बाजूच्या भिंतीला गांडुळं चिकटली होती. त्यांच्या अंगावर जागोजागी फुगवटे होते आणि मधे आवळल्यासारखं झालं होतं, जणू दोऱ्यात ओवलेले मणी. हात लावला की तुटत होती.

त्याचं कारण नंतर समजलं. कडधान्यं, डाळ, पनीर, बेसन यांत प्रथिनं भरपूर. ती एकदम ढिगानं कुजायला लागली की अमोनिया तयार होतो, आम्ल तयार होतं, उष्णता तयार होते. गांडुळाच्या पोटात ते अन्न आंबतं, वायू धरतो आणि आतडं ठिकठिकाणी फुगतं. अशा मण्यांच्या अवस्थेला पोचलेलं गांडूळ सहसा वाचत नाही. बाकीची वाचवायची असतील तर वेळ घालवू नका. जे घातलं ते सगळं उपसून बाहेर काढा. जी गांडुळं हलताहेत त्यांना दुसऱ्या टबात नुसत्या भिजवलेल्या पुठ्ठ्याच्या आणि जुन्या खताच्या गादीवर हलवा आणि आठवडाभर काही खायला देऊ नका. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरणार असाल तर ते आधी दोन पाण्यांतून काढून घट्ट पिळा, कारण त्यात मीठ असू शकतं.

अंड्याची टरफलं वाळवून, मिक्सरमधून अगदी पीठ करून आठवड्याला चमचाभर भुरभुरत जा. आम्ल हळूहळू उतरतं. पानात लावायचा किंवा रंगाचा चुना मात्र घालू नका. तो फार जहाल असतो, गांडुळांची कातडी पोळते.

शिळी उसळ, वरण, ताक, भाजीचा रस्सा, लोणचं, तळणीचं तेल यांतलं काही टबात जात नाही. मीठ आणि तेल गांडुळाच्या ओल्या कातडीला सोसत नाही. माझ्या त्या टबात एकही मोठं गांडूळ उरलं नाही. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

गांडुळं पळून जाताहेत

नवीन टब आणल्यावर पहिल्या दोन-तीन रात्री काही गांडुळं भिंतीवर चढणारच, जागा नवी असते. टबावर रात्रभर दिवा चालू ठेवा. गांडुळं उजेड टाळतात, त्यामुळे खाली राहतात. चौथ्या रात्रीही चढत असतील तर मात्र आत काहीतरी बिनसलंय. वास घ्या आणि मूठ दाबा.

पावसाचं वेगळं असतं. माझ्या पहिल्या वर्षी मृगाचा पाऊस रात्री आला आणि सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर गॅलरीच्या फरशीवर शंभरेक गांडुळं पसरलेली. काही वाळून काड्या झालेली, काही नळाच्या जाळीपाशी. खाली बसून एकेक उचलताना एक लक्षात आलं, ती सगळी एकाच जातीची होती. बारीक, चपळ, उन्हात धरलं तर पाठीवर निळसर-जांभळी झाक. आपल्याकडची पेरिओनिक्स. हवेचा दाब उतरून पाऊस आला की ही जात घोळक्यानं बाहेर पडते. लालसर, अंगावर फिकट आडवे पट्टे असलेली आयसेनिया फेटिडा मात्र टबातच होती. गांडुळं विकत घेताना ती बहुतेकदा मिसळलेली येतात, म्हणून एकदा उजेडात बघून घ्या. जाड, लांब, करड्या-जांभळ्या रंगाची दिसली तर ती आफ्रिकन युड्रिलस. भराभर खातात, पण थंडी सोसत नाहीत.

मे संपता संपता मी टबांच्या वरच्या कडेला आतून मच्छरदाणीच्या जाळीची पट्टी लावते आणि झाकणावरही जाळी ताणून दोरीनं बांधते. पाऊस यायची चिन्हं असली की रात्री दिवा. बागेत सापडणारी गांडुळं आणून टबात सोडू नका. ती खोल मातीत बीळ करून राहणारी असतात, कचऱ्याच्या टबात ती टिकत नाहीत.

आणखी एक, जे पटकन सुचत नाही. आमच्या मजल्यावरच्या काकूंचा टब वॉशिंग मशीनला टेकून होता, आणि कपडे धुवायच्या दिवशी नेमकी गांडुळं वर यायची. चार्ल्स डार्विननं गांडुळांवर अनेक वर्षं प्रयोग केले आणि १८८१ साली ते प्रसिद्ध केले. त्यानं गांडुळांच्या कुंड्या पियानोवर ठेवून पाहिल्या होत्या. नुसत्या आवाजानं त्यांना काही होत नव्हतं, पण कुंडी पियानोवर असताना सूर वाजवला की ती झटकन बिळात शिरायची. त्यांना कंपनं जाणवतात. काकूंनी टब दोन फूट लांब सरकवला, पुढचं सगळं शांत.

चिलटं, मुंग्या आणि बाकीचे पाहुणे

चिलटं म्हणजे फळमाश्या. त्या गांडुळांना काही करत नाहीत, पण घरातली माणसं वैतागतात आणि टब बंद पडतो तो बहुतेक वेळा याच कारणानं. केळ्याच्या सालीवरच त्यांची अंडी असतात, घरात येतानाच. साली एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवून मग घाला, अंडी मरतात आणि साल मऊ पडून लवकर कुजते. कचरा नेहमी दोन-तीन इंच खाली पुरायचा आणि वर ओला पेपर किंवा गोणपाट. आमरसाच्या दिवसांत साली आणि कोयी ढिगानं निघतात. कोयी टबात नकोतच, साली एका वेळी दोन आंब्यांच्या. आधीच झालेल्या चिलटांसाठी वाटीत व्हिनेगर आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून टबाशेजारी ठेवा.

मुंग्या आल्या याचा अर्थ टब सुकलाय किंवा गोड काहीतरी गेलंय. आपल्याकडे हमखास गुन्हेगार म्हणजे चहाचा चोथा, साखर आणि दुधासकट. गाळणीतच पाण्यानं धुवा, मग घाला. टबाला पाणी शिंपडून ओलावा सारखा करा. आणि जुन्या घरांत फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या ना, तसंच टब स्टँडवर ठेवून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. पाण्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब घातले की डास होत नाहीत. मुंग्यांचा खडू किंवा पावडर टबाच्या आसपासही नको. ती कीटकनाशकं आहेत.

पोटाशी चपट्या, करड्या-तपकिरी, पेरापेरांच्या, नखाएवढ्या अळ्या वळवळताना दिसल्या की लोक घाबरून टब फेकून देतात. कृपा करून फेकू नका. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. ही माशी घरमाशीसारखी आपल्या जेवणावर येऊन बसत नाही. अळ्या गांडुळांना खात नाहीत, पण त्यांचं अन्न फस्त करतात आणि टब गरम करतात. उघड्यावर ओला कचरा दिसला की माशी अंडी घालते, म्हणून झाकणं हाच उपाय. मी अळ्या चिमट्यानं वेचून गच्चीवरच्या ड्रमात सोडते. तिथं त्या छान काम करतात, आणि ज्या बाहेर पडतात त्या साळुंक्या टिपतात.

पांढरे, दोऱ्याच्या तुकड्यांसारखे बारीक किडे पुंजक्यानं दिसले तर ती गांडुळाची पिल्लं नव्हेत. गांडुळाचं पिल्लू गुलाबी असतं आणि त्याच्या अंगात लाल रेघ दिसते. पांढरे ते वेगळे कृमी, टब आंबट आणि ओला झाल्याची ती खूण. दुधात भिजवलेला पोळीचा तुकडा वर ठेवा, रात्रभरात त्यावर जमतात, सकाळी तो उचलून टाकायचा. तांबूस बारीक कोळीकिड्यांसाठी हीच युक्ती कलिंगडाच्या सालीनं करतात, साल पालथी ठेवून.

खरे शत्रू तीनच. गोम, ती गांडूळ खाते. चिचुंद्री आणि उंदीर, त्यांच्यासाठी झाकणावर वजन ठेवा आणि भोकांना तारेची जाळी लावा. आणि पावसाळ्यात कुंड्यांखाली सापडणारा एक लांब, चिकट, चपटा किडा, ज्याचं डोकं अर्धगोल पंख्यासारखं पसरट असतं. तो गांडुळांची शिकार करतो. त्याला कापू नका, तुकड्यांतून नवे किडे होतात. जुन्या चमच्यानं उचलून मिठाच्या पाण्यात टाका.

बुरशी? पांढरी, कापसासारखी बुरशी आली तर घाबरायचं काहीच कारण नाही. पुरलेला कचरा वर आलाय, पुन्हा झाका. टोमॅटोची आणि भोपळ्याची रोपं उगवली तर तीही चालतील. टब गरम होत नाही, म्हणून बिया जगतात.

उन्हाळा आणि थंडी

एप्रिल-मे हे दोन महिने पुण्यात गांडुळांसाठी सगळ्यात कठीण. पंधरा ते पंचवीस अंशांत आयसेनिया सुखात असते, तीसच्या वर मलूल होते, पस्तीसच्या वर मरायला लागते. आणि इथे दुपारी बाहेर अडतीस-चाळीस. पश्चिमेच्या गॅलरीतला टब होळीनंतर तिथे ठेवूच नका. माझे टब मी पूर्वेच्या भिंतीला, जमिनीलगत, सावलीत आणते. बोहरी आळीतून जाडं गोणपाट आणून ठेवलंय. ते भिजवून टबावर आणि चारी बाजूंनी गुंडाळते, दिवसातून दोनदा ओलं करते. फार तापलं तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली गोठवून गोणपाटाखाली एका कोपऱ्यात आडवी ठेवते, दुपारी बारा वाजता एक, चार वाजता दुसरी. कोपऱ्यातच, म्हणजे ज्यांना गारवा हवा ती जवळ येतात, नको ती लांब राहतात. या दिवसांत खाणं निम्मं करा, कारण कुजणाऱ्या कचऱ्याची स्वतःचीच उष्णता असते. ताजं शेण तर अजिबात नको. दहा-पंधरा दिवस जुनं, थंड झालेलं घ्या, आणि गुरांना जंताचं औषध दिलेल्या दिवसांतलं नाही ना, हे गवळ्याला विचारून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत खाणं मंदावतं. तेव्हा आजारी आहेत असं समजून आणखी खायला घालू नका. कचरा बारीक चिरून, कमी द्या. टबावर कोरडं गोणपाट टाका आणि दुपारचं कोवळं ऊन टबाच्या एका बाजूला लागू द्या.

खातच नाहीत

संत्र्या-मोसंब्याच्या साली, लिंबं, कांद्या-लसणाच्या साली, मिरच्यांचे देठ हे गांडुळं शेवटी खातात, तेही थोडं असलं तर. सगळं एकदम घातलं तर टब आंबट होतो. तुकडे मोठे असतील तरी वेळ लागतो. खरं म्हणजे गांडूळ साल खात नाही, सालीवर वाढलेले जिवाणू आणि बुरशी खातं, म्हणून कचरा एक-दोन दिवस बाहेर ठेवून जरा मऊ पडू द्या.

गणपतीनंतर निर्माल्य सगळं टबात ओतणारे खूप जण भेटतात. भावना समजते, फुलं मातीत जावीत ही इच्छा माझीही असते. पण हळद-कुंकवात रंग असतात, हारात दोरे आणि जरीचे तुकडे असतात. ते काढून, फुलं सुटी करून, दोन दिवस वाळवून थोडी थोडी घाला. दसऱ्याच्या झेंडूचंही तसंच, एका वेळी ओंजळभर.

खत काढताना

खत चिखलासारखं चिकट येत असेल तर पंधरा दिवस आधी पाणी आणि आठवडाभर आधी खाणं बंद करायला हवं होतं. टबातलं सगळं सावलीत प्लॅस्टिकवर ओता, पाच-सहा उभे ढीग करा, भाताची मूद पाडतो तसे. उजेड टाळत गांडुळं खाली जातात. वीस मिनिटांनी वरचं खत हातानं अलगद काढा, पुन्हा थांबा, पुन्हा काढा. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो, तो परत टबात. खत चाळणीतून काढून गोणीत सावलीत ठेवा, पण कडक वाळवू नका, त्यातले जिवाणू जगले पाहिजेत.

चाळताना घाई करू नका, कारण चाळणीत मेथीच्या दाण्याएवढे, लिंबाच्या आकाराचे, एका टोकाला निमुळते पिवळसर-तांबूस दाणे दिसतील. ते गांडुळाचे कोष. एका कोषातून दोन-चार पिल्लं निघतात.

सगळी मेली असं वाटतं तेव्हा

आमच्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या जवळच्या गावांत जात राहिला. तिथल्या लोकांनी तो वास आणि विहिरींचं खराब पाणी सोसलं. म्हणून कुणी “टब बंद करते ताई, कचरागाडीत देऊन टाकते” म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं. एकदा मेलेला टब परत उभा करता येतो.

मटकीच्या त्या टबातून मी मटकी आणि मेलेली गांडुळं काढली. बाकीचं खत टाकून न देता टबात पसरलं, दोन दिवस वारं लागू दिलं. वास गेल्यावर फाडलेला पुठ्ठा मिसळला, मूठ दाबून ओलावा बघितला, वर गोणपाट टाकलं आणि झाकून ठेवलं. खाणं काही नाही. कोषाला मोठ्या गांडुळापेक्षा जास्त सोसतं, आणि आत पिल्लं असतील तर ती साधारण तीन आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा बाहेर येतात. मी दर चार दिवसांनी फक्त ओलावा बघत होते.

सव्विसाव्या दिवशी गोणपाट उचललं तर पुठ्ठ्याच्या एका ओल्या वळीत काहीतरी हललं. चष्मा लावून बघितलं. शिवायच्या दोऱ्याएवढी, गुलाबी, अंगात लाल रेघ. मोजली, अकरा होती. त्या दिवशी त्यांना केळ्याच्या सालीचा बोटभर तुकडा दिला. तो चार दिवस पुरला.